फुलोऱ्यात वाळणारी तूर

प्रश्न : जमिनीत ओल असूनही आमची तूर दरवर्षी फुलोऱ्यात उभी वाळते. याचा अभ्यास वनस्पतिशास्त्राची कोणती शाखा करते? उपाय काय?

उत्तर : हा विषय वनस्पती रोगशास्त्राचा आहे. वाळलेल्या झाडाचे खोड बुडाशी उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या, तर तो बहुधा मर रोग समजावा. फ्युजेरियम उडम ही जमिनीत वर्षानुवर्षे टिकणारी बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते, त्यामुळे ओल असूनही झाड तहानलेलेच राहते. झाड वाळू लागल्यावर फवारणीचा खर्च व्यर्थ होय. त्या शेतात काही वर्षे ज्वारीचा फेरपालट करावा आणि पुढे जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा तुरीचा रोगप्रतिकारक वाण पेरावा, ही पैदासशास्त्राची, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या शाखेची, देणगी आहे.