लहान खोलीत पोर्ट्रेटसाठी स्टुडिओ लाइट कसे लावावेत?
दहा बाय दहाच्या खोलीत दोन-तीन लाइट कोंबू नका, एक सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेला पेटीसारखा लाइट) पुरतो. तो चेहऱ्याच्या बाजूला साधारण 45 अंशांवर, डोळ्यांच्या थोडा वर आणि फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ आणा. जवळून प्रकाश मऊ पडतो. अंतर निम्मं केलं की तो चौपट होतो, म्हणून पॉवर कमी करा. मग मागची भिंतही गडद होते. माणूस भिंतीपासून मीटरभर तरी पुढे बसवा.

खरा त्रास पांढऱ्या भिंतींचा. प्रकाश सगळीकडून परततो आणि चेहरा सपाट दिसतो. सावलीच्या बाजूला काळं कापड टांगून बघाच, फरक लगेच कळेल. सावली फार गडद वाटली तर तिथे थर्माकोलची पांढरी शीट धरा. लेन्स 50 मिमीची बरी. 85 ला मागे सरकायला जागा उरत नाही.