कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या 'बेटीज होप' या जुन्या ऊसमळ्याचे मालक कोण कोण होते, आणि गुलामी संपल्यावर ती जमीन कोणाला मिळाली?

छोटं उत्तर: आधी गव्हर्नर कीनेल, मग 1674 ते 1944 कॉडरिंग्टन घराणं, आणि जे राबले त्यांना काहीही नाही. आता मोठं उत्तर, कारण या मळ्यावरून माझं आणि दाजींचं वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही न्यू जर्सीहून सुट्टीला अँटिग्वाला गेलो होतो, ताई-दाजी पण आलेले. दाजी सांगलीकडचे, उसातला माणूस, बीचवर बसून काय करणार, म्हणून टॅक्सी करून त्यांना बेटीज होपला नेलं. दोन दगडी पवनचक्क्या आहेत, त्यातली एक दुरुस्त करून पाती परत बसवलीत. वाऱ्यावर चरक फिरायचा, रस खाली कढायांकडे जायचा, बाकी सगळं आपलं गुऱ्हाळच. फक्त इथे चरकात कोणाचा हात अडकला तर तो तोडायला कुऱ्हाड हाताशी ठेवायचे. दाजींनी बोर्डावरची सालं वाचली, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "बघा पाव्हणं, 270 वर्षं एका घरात जमीन. ह्याला म्हणतात राखणं. आमची गेली कुळकायद्यात."

माझं डोकंच सटकलं. माझे आजोबा कूळ होते (दाजींच्या घरचे नाही, दुसऱ्यांचे), 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला म्हणून आमच्या घरात सातबारा आला, आणि त्या जिवावर मी शिकलो. ताईच्या लग्नापासून हे टोमणे ऐकतोय.

बरं, राखली म्हणजे कशी राखली ते बघा. मळा उभा केला गव्हर्नर कीनेलने, 1650च्या दशकात. तो 1663 ला गेला, मळा बायकोकडे आला. 1666 ला फ्रेंचांनी बेट घेतलं तशी बाई पळाली, आणि इंग्रज परत आल्यावर तिचा हक्क काढून तो मळा 1674 मध्ये ख्रिस्तोफर कॉडरिंग्टनला देऊन टाकला. त्याने मुलीच्या नावावरून बेटीज होप नाव ठेवलं. म्हणजे सुरुवातच एका विधवेच्या जमिनीवर! पुढे बहुतेक काळ मालक इंग्लंडमध्ये, इथे मॅनेजर, आणि राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. यात राखणं कुठे आलं?

दाजींचा दुसरा मुद्दा, "पण नुकसानभरपाई दिली की इंग्रजांनी." दिली ना, मालकांना दिली! 1833 च्या कायद्याने 2 कोटी पौंड, गुलाम गेले म्हणून. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने 2015 ला फेडून संपवलं. सुटलेल्या माणसाला एक पेनी नाही, वीतभर जमीन नाही. अँटिग्वात 1834 ला लगेच मोकळे केले म्हणून कौतुक सांगतात, पण मागोमाग असा कायदा आणला की मळ्यातल्या खोपटात राहायचं तर त्याच मळ्यावर काम करायचं. ज्यांना जमलं त्यांनी बाहेर लिबर्टासारखी गावं वसवली. आपल्याकडे निदान कागद तरी कसणाऱ्याच्या नावावर झाला, आणि तरी रडतात कोण, तर ज्यांनी कधी नांगर धरला नाही ते.

तुमच्याही घरात "आमची जमीन गेली" म्हणणारे कोणी असतील तर आधी विचारा, कसत कोण होतं. आणि कोणत्या मालकाला किती भरपाई मिळाली ते बघायचं असेल तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा डेटाबेस फुकट आहे, आडनाव टाकून शोधा.

हां, सगळीकडे अँटिग्वासारखंच झालं असं नाही, प्रत्येक बेटाची गोष्ट वेगळी. बार्बाडोस बेटावरचा ड्रॅक्स हॉल हा ऊसमळा तर 17व्या शतकापासून आजही ड्रॅक्स घराण्याकडेच आहे. 2024 मध्ये तिथलं सरकार घरं बांधायला त्यातली थोडी जमीन विकत घेणार होतं, तर लोक भडकले की यांना परत पैसे कशाला, आणि पंतप्रधानांनी तो सौदा थांबवला. ही बातमी मी दाजींना पाठवली होती. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.