रिस्टोअर अर्ध्यातच एरर देऊन थांबतं. दुसरं रिकव्हरी सॉफ्टवेअर घेऊ का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर रोज 'बॅकअप यशस्वी' दाखवत होतं, लॅपटॉप सुरू होईना म्हणून रिस्टोअर (बॅकअप परत डिस्कवर उतरवणं) लावलं तर ते मध्येच बंद पडतंय, आणि आता सगळ्यात भरवशाचं सॉफ्टवेअर कोणतं ते तुम्हाला हवंय. ते 'यशस्वी' वाचलं आणि मला आमचे दाजी आठवले. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी कामाचं. ते किती टक्क्यांवर थांबतं ते बघा. दर वेळी त्याच आकड्यावर अडत असेल तर बहुधा इमेजची, म्हणजे सगळ्या डिस्कच्या नकलेची, फाइलच तिथे खराब आहे, नाहीतर बॅकअपच्या किंवा लॅपटॉपच्या डिस्कचा तेवढा भाग गेलाय. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर रॅम, केबल नाहीतर यूएसबी हबवर संशय घ्या. हब काढा, केबल बदला, लॅपटॉपच्या पोर्टलाच थेट जोडा आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं टूल) चालवा. बॅकअपच्या हार्ड डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडलेत तर 'पेंडिंग सेक्टर' (वाचता न येणारे तुकडे) आणि 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बदललेले तुकडे) एवढ्या दोन ओळी बघा. वर ठळक अक्षरात 'गुड' लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. आणि पुन्हा पुन्हा रिस्टोअर मारणं थांबवा, कारण इमेज उतरते ती आधीचं पुसूनच उतरते. जुन्या डिस्कवरचं काही हवं असेल तर ती काढून बाजूला ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या डिस्कवर करा.

आता दाजी.

दाजींनी एक नावाजलेलं पैसेवालं रिकव्हरी सॉफ्टवेअर घेतलं होतं. नाव घेत नाही. घरातल्या सगळ्यांसाठी म्हणून लायसन्सही जास्तीची घेतली, आणि त्यातलं एक मी नाकारलं. तिथून वाद. त्यांचं म्हणणं, 'पैसे भरलेत म्हणजे कंपनीची जबाबदारी.' माझं म्हणणं एवढंच की एकदा त्यातून काहीतरी परत काढून दाखवा. दर सणाला हा विषय निघायचा आणि दाजी मोबाईलवर ते हिरवं बरोबरचं चिन्ह दाखवायचे. रोज रात्रीचं एक, सलग, एकही खाडा नाही.

मग एका अपडेटनंतर त्यांचा लॅपटॉप निळ्या पडद्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून बसला. ऑटोमॅटिक रिपेअर, रीस्टार्ट, परत ऑटोमॅटिक रिपेअर. धंद्याचा सगळा हिशेब त्यात. मी पोहोचलो तर दाजी त्या सॉफ्टवेअरचा रेस्क्यू पेनड्राइव्ह (विंडोज बंद असताना मशीन सुरू करायचा) लावून निवांत बसलेले. म्हणाले, 'बघ आता, एक बटण दाबायचंय.' विझार्ड उघडला, 'कोणत्या डिस्कवर रिस्टोअर करायचं' ही यादी आली, आणि यादीत बॅकअपची डिस्क आणि पेनड्राइव्ह एवढंच. लॅपटॉपची आतली डिस्क नाहीच.

दाजींनी तिथल्या तिथे निकाल दिला, 'डिस्क गेली.' नव्या डिस्कची ऑर्डरही टाकायला निघाले होते. मी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन पाहिलं तर डिस्क छान दिसत होती. बायोसला दिसते आणि रेस्क्यू मीडियाला दिसत नाही, तेव्हा बहुतेकदा इंटेलचं व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी चिपमधली सोय) चालू असतं आणि पेनड्राइव्हवर त्याचा ड्रायव्हर नसतो. हा पेनड्राइव्ह दाजींनी आधीच्या लॅपटॉपवर बनवलेला होता. नव्यावर कधी बूट करून बघितलाच नव्हता, कारण चिन्ह हिरवं होतं ना! लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा, म्हणजे व्हीएमडीला लागणारा, ड्रायव्हर उतरवला, दुसऱ्या पेनड्राइव्हवर नुसता उलगडून ठेवला, 'लोड ड्रायव्हर' म्हटलं आणि डिस्क यादीत आली. (असं झालं की बरेच जण बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करून टाकतात. डिस्क दिसते खरी, पण तसंच ठेवून विंडोज सुरू करायला गेलात तर नेमका हाच निळा पडदा येतो. ड्रायव्हर घालणं बरं.)

दाजी बटण दाबायला पुढे झाले, मी हात धरला. इमेज आदल्या रात्रीची, लॅपटॉप बंद पडला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधल्या दिवसाचं काम डिस्कवरच होतं, ते आधी बाहेर काढायचं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं तर डिस्कने बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. 'मी बिटलॉकर कधी लावलंच नाही,' दाजी म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या अकाउंटात जाऊन बसते. ते अकाउंट काढून दिलं होतं माझ्या भाचीने. ती परीक्षेला बसलेली, फोन बंद. ती बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर गप्प. एकदाची की मिळाली आणि हिशेबाचं फोल्डर बाहेर आलं. तेव्हा कुठे मी म्हटलं, आता तुमची इमेज बघू. पण रिस्टोअर नाही, आधी नुसतं व्हेरिफाय, म्हणजे इमेज धड वाचता येते का ते तपासणं.

व्हेरिफाय निम्म्याच्या थोडं पुढे जाऊन अडलं. परत लावलं, परत त्याच टक्क्यावर. बॅकअपच्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर साचलेले होते. सॉफ्टवेअर एक फुल इमेज घेऊन वर रोजची इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाची) रचत होतं. त्या साखळीतली मधलीच एक फाइल वाचता येत नव्हती, म्हणजे तिच्यानंतरच्या सगळ्या रात्री बाद. हिरवं चिन्ह याच्या आड येत नव्हतं, कारण ते फक्त 'लिहिलं' एवढंच सांगत होतं. लिहिलेलं परत वाचून बघायची सोय सेटिंगमध्ये होती, पण मुळात बंद. बॅकअप झटपट झालेला दिसावा म्हणून कंपन्या ती बंदच ठेवून देतात असं माझं मत आहे, आणि याला मी लबाडीच म्हणतो. बटण दाबू दिलं असतं तर चालत नसलेलं विंडोज तर गेलंच असतं, त्याच्या जागी अर्धवट उतरलेली इमेज राहिली असती.

लॅपटॉप शेवटी कशाने उठला? विंडोजच्या स्वतःच्या रिकव्हरी मेनूत जाऊन 'अनइन्स्टॉल लेटेस्ट क्वालिटी अपडेट'. चहा होईपर्यंत डेस्कटॉप समोर. आणि दाजी आजही नातेवाइकांत सांगतात की त्या सॉफ्टवेअरने वाचवलं.

हे दाजींसारख्यांचंच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साइट) एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसची फोल्डर उडाली. बॅकअपच्या आणि रेप्लिकेशनच्या (दुसऱ्या सर्व्हरवर चालू नक्कल ठेवण्याच्या) मिळून पाच व्यवस्था होत्या, त्यातली एकही धड कामाला आली नाही. डेटाबेसचा रोजचा डंप (सगळा डेटा फाइलमध्ये काढणं) सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यामुळे आधीपासूनच फसत होता, आणि तो फसल्याचे ईमेल मेल सर्व्हर परत लावत होता, म्हणून कुणाला पत्ता नाही. कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) होता म्हणून निभावलं, तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून टाकलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

मायक्रोसॉफ्टचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरी एन्व्हायरनमेंट (ज्यात तो रिकव्हरी मेनू असतो) दुरुस्त करणारं अपडेट आलं, केबी ५०३४४४१, आणि ते असंख्य मशीनवर फसलं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कवरच्या त्यासाठी राखलेल्या भागात) त्याला जागा पुरेना. लोकांना हाताने पार्टिशन २५० एमबीने वाढवायला सांगितलं गेलं. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने तर कहर केला. रिकव्हरी मेनू उघडायचा, पण त्यात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालायचे नाहीत. दार उघडं आणि आत पाय ठेवता येत नाही. काही दिवसांत घाईने दुरुस्ती सोडावी लागली. आणि १९ जुलै २०२४ च्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटच्या गोंधळात साधारण ८५ लाख विंडोज मशीन पडली तेव्हा उपाय होता एक फाइल उडवण्याचा. पण अनेक ठिकाणी माणसं अडली ती बिटलॉकरची की शोधण्यात.

म्हणून 'सगळ्यात भरवशाचं कोणतं' याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे ते बहुधा काहीतरी विकतायत. मी स्वतः क्लोनझिला (डिस्कची इमेज घेणारं फुकट टूल) वापरतो, कारण ते दिसायला भिकार असलं तरी घेतलेली इमेज तपासू का म्हणून विचारतं. महत्त्वाच्या फायली वेगळ्या, साध्या कॉपी करून ठेवतो, कुठल्याही कंपनीच्या फॉरमॅटमध्ये कोंबत नाही. कंट्रोल पॅनेलमधलं 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' दिसतं म्हणून वापरू नका. त्यातला सिस्टीम इमेजचा भाग मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच मोडीत काढायच्या यादीत टाकलाय, तरी तो अजून तिथेच आहे. आणि 'एका क्लिकमध्ये पीसी दुरुस्त' म्हणणारी, तुमच्या रजिस्ट्रीत शेकडो चुका शोधून दाखवणारी जी असतात ती उतरवूसुद्धा नका.

तुमच्याकडे आहे तेच सॉफ्टवेअर पुढे ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. फक्त त्याचा रेस्क्यू मीडिया याच मशीनवर बनवा, त्यावरून बूट होतंय आणि आतली डिस्क यादीत येतेय एवढं बघा, व्हेरिफाय चालू करा, अधूनमधून नवी फुल इमेज घ्या. आणि जुनी डिस्क शिल्लक असेल तर तिच्यावर एकदा पूर्ण रिस्टोअर करून विंडोज उठतंय का ते बघा. दाजींनी यातलं अजूनही काही केलेलं नाही. नवी डिस्क मात्र घेतली.

दोन गोष्टी राहिल्या. मी क्लोनझिलाची भलामण केली, पण ज्या डिस्कवर इमेज उतरवायची ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते, आणि इमेजमधून एखादीच फाइल काढायची तर ते कटकटीचं आहे. त्या बाबतीत पैसेवाली सॉफ्टवेअर खरंच सुखाची आहेत, हे दाजींसमोर मी बोलणार नाही. दुसरं, रिस्टोअर अर्धवट झालेली तुमची डिस्क एसएसडी असेल तर डिलीट झालेल्या फायली शोधणाऱ्या टूल्सकडून फार आशा नको. विंडोजचा इन्स्टॉलर किंवा रिकव्हरी टूल डिस्क फॉरमॅट करताना ट्रिम (रिकामी झालेली जागा पुसून टाक हा एसएसडीला हुकूम) पाठवत असेल तर आतलं बहुतेक गेलेलंच असतं. साधी हार्ड डिस्क असेल तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फायली परत काढणारी टूल्स फुकट आहेत, त्यांनी आधी बघा. पण डिस्क टकटक आवाज करत असेल तर वरचं सगळं सोडा, वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीची लॅब गाठा. तशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं टूल) चालवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आमचे दाजी तर सांगतीलच.