बाबांना आठवत नाही, की ऐकूच येत नाही?

“बाबा निवृत्त झाल्यापासून आमच्यात असून नसल्यासारखे झाले आहेत. विचारावे एक तर उत्तर भलतेच देतात, सांगितलेले विसरतात आणि चार माणसे जमली की उठून खोलीत जातात. हा स्मृतिभ्रंश तर नसेल?” हा प्रश्न घेऊन एक मुलगी आईवडिलांसह माझ्याकडे आली होती. समुपदेशक म्हणून निवृत्त पालकांच्या मुलांकडून ही काळजी मी वारंवार ऐकते, म्हणून कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

वडील ६५ वर्षांचे होते आणि त्यांची उभी हयात महाविद्यालयात गणित शिकवण्यात गेली होती. पहिल्या भेटीत माझाच अंदाज चुकला. वर्ग सुटला, विद्यार्थी गेले, त्या पोकळीचे हे दुःख असावे असे मी गृहीत धरले आणि काही मुलांना घरी शिकवून पाहा, असे सुचवले. त्यांनी मान डोलावली. पुढच्या भेटीत ते सूचना साफ विसरले होते; मात्र त्याच सकाळी वर्तमानपत्रात वाचलेला मोठा लेख त्यांनी मुद्द्यांच्या क्रमासह मला सांगितला. वाचलेले सगळे लक्षात आणि सांगितलेले तेवढे विस्मरणात, ही विभागणी मला खटकली. मग मी मुद्दाम वहीत पाहत, मान खाली घालून एक प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याऐवजी पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहिले.

एवढ्यावरून स्मृतिभ्रंश नाही असे म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याचा अधिकारही समुपदेशकाचा नाही. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही विस्मरण दिसू शकते. म्हणून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे आणि सोबतच कानाच्या तपासणीसाठी पाठवले. बाकीच्या तपासण्यांत काही निघाले नाही. दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता मात्र बरीच घटलेली होती.

वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, तर स, श, फ यांसारखी व्यंजने उंच आणि क्षीण असतात. त्यामुळे आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही आणि ऐकणाऱ्याला मनापासून वाटते की घरातले सगळे पुटपुटतात. त्यात दूरचित्रवाणी चालू असली, दोघे एकदम बोलू लागले, की उरलेसुरले धागेही सुटतात. वर्गात हे उघड झाले नव्हते, कारण तिथे बोलणारे सर होते. विद्यार्थ्याची शंका फळ्यावरच्या ज्या ओळीबद्दल असे, ती पाहून अर्धी शंका ऐकण्याआधीच समजत असे. घरातल्या गप्पांना असा फळा नसतो.

सरांना श्रवणयंत्र लावणे कमीपणाचे वाटत होते. त्यांची अढी माझ्या समजावण्याने सुटली नाही, ती श्रवण-आलेखाने, म्हणजे कानाच्या तपासणीत काढलेल्या आलेखाने सुटली. आडव्या अक्षावर ध्वनीच्या पट्टीचे २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० हर्ट्झ हे दुपटीने वाढत जाणारे आकडे पाहून ते म्हणाले, “ही तर भूमिती श्रेढी आहे.” उभ्या अक्षावरचे डेसिबल हे लॉगरिदमचे माप असल्याने दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, ४००० हर्ट्झला आपली रेषा ५० डेसिबलवर आहे, म्हणजे निरोगी कानाच्या उंबरठ्याच्या एक लाखपट तीव्रता आपल्याला लागते, हा हिशोब त्यांनी स्वतः मांडला आणि मग बराच वेळ ते गप्प बसले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाचे कमी करता येण्याजोगे जे १२ धोके मांडले, त्यांत श्रवणदोषही आहे, हे मी मुलीला सांगितले. तिची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

यंत्राची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही टोचतो, म्हणून बरेच जण याच टप्प्यावर यंत्र खणात टाकतात. सरांनी तसे करू नये यासाठी घरच्यांनीही सवयी बदलल्या. आधी हाक मारायची, समोर येऊन बोलायचे आणि कळले नाही तर ओरडण्याऐवजी वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायचे, कारण ओरडल्याने शब्द अधिकच विकृत होतात.

मुलीचा प्रश्न इथे सुटला. सरांच्या पत्नीचा सुटला नाही. “मी बोलत राहायचे आणि हे नुसते ‘हं’ म्हणायचे. माझी बहीण किती आजारी आहे, हेही मी यांना तीनदा सांगितले होते,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा सरांना ते पहिल्यांदा ऐकू आले. त्यांनी कानाचे कारण पुढे केले नाही. “तीनातला एखादा ‘हं’ तरी मला ऐकू येत होते तेव्हाचा असेल,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर ती दोघे मुलीला न घेता आणखी चार वेळा आली.