बॉसच्या मेलमधलं 'रन' आणि बाकीची पळापळ

प्रश्न : ताई, नवीन जॉबला लागून थोडेच दिवस झालेत. परवा बॉसचा मेल आला, 'रन धिस बाय फायनान्स बिफोर वुई रन विथ इट'. रन म्हणजे पळणं एवढंच डोक्यात, त्यामुळे वाटलं फाईल घेऊन पळत जायला सांगतायत की काय! डिक्शनरी उघडली तर रनचे अर्थ स्क्रोल करून संपेनात. हे सगळं पाठ करायचं का? काही ट्रिक असेल तर सांगा ना.

उत्तर : पाठ अजिबात करू नका, कुणीच करत नाही, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही नाही. आधी तुमचा मेल सोडवू. 'रन धिस बाय फायनान्स' म्हणजे फायनान्सवाल्यांच्या एकदा कानावर घाला, त्यांचं काय म्हणणं आहे बघा. आणि 'रन विथ इट' म्हणजे मग हेच धरून पुढे जाऊ. एकाच वाक्यात दोन रन आणि पळायचं एकातही नाही.

आता मोठा प्रश्न. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने या शब्दाची नोंद नव्याने केली तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले, पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराचे त्यात नऊएक महिने गेले म्हणतात. तेव्हा तुम्हाला दोन मिनिटांत जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका 🙂

पण गंमत अशी की आपण मराठीत हेच रोज करतो आणि लक्षातही येत नाही. घड्याळ चालतं, दुकान चालतं, कोर्टात केस चालते, नाटक वर्षभर चालतं, कुणाचं डोकं चालतं कुणाचं नाही, आणि 'उद्या आलो तर चालेल का' मध्ये तर पायांचा काही संबंधच नाही. यातलं कुठलं 'चालणं' आपण पाठ केलंय? इंग्रजांचं मशीन पळतं, आपलं चालतं, एवढाच काय तो फरक. (फ्रेंच लोकही आपल्यातलेच, त्यांचंही मशीन 'चालतंच', आणि 'चालेल' म्हणायला ते चालण्याचंच क्रियापद वापरतात.) म्हणून पहिलं काम हे की रन दिसला की आधी 'पळणे' नाही तर 'चालणे' लावून बघा, निम्म्या ठिकाणी काम होऊन जातं. बस रन होते, शो रन होतो, प्रोग्रॅम रन होतो, कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत रन होतं, सगळीकडे चालणंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मराठीत चालणे वेगळं आणि चालवणे वेगळं, शब्दाचं रूपच बदलतं त्यामुळे गोंधळ होत नाही. इंग्रजीत दोन्हीला रनच. 'शी रन्स' म्हणजे ती धावते, 'शी रन्स अ क्लास' म्हणजे ती क्लास चालवते. तेव्हा रनच्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं, तिथे कंपनी, हॉटेल, टेस्ट, मोहीम असं काही असेल तर ते 'चालवणे' किंवा 'घेणे' असणार.

आणि जे रन होतंय ते पातळ असेल, म्हणजे पाणी, नाक, शाई, तर सरळ 'वाहणे' किंवा 'पसरणे'. कपड्याचा रंग रन झाला म्हणजे तो दुसऱ्या कपड्याला लागला.

खरी डोकेदुखी मागच्या शेपटांची आहे, इनटू, ओव्हर, डाऊन वगैरे. 'आय रॅन इनटू माय टीचर' म्हणजे सर अचानक भेटले, पण 'द कार रॅन इनटू अ वॉल' म्हणजे गाडी भिंतीवर आदळली, आणि खर्च 'रन्स इनटू लाख्स' म्हणजे लाखांच्या घरात जातो. मीटिंग रन ओव्हर झाली तर लांबली, माणूस रन ओव्हर झाला तर गाडीखाली आला! इथे मात्र नियम शोधत बसू नका, शब्द सुटा लिहून न ठेवता अख्खं वाक्य वहीत उतरवा, कारण अर्थ शब्दात कमी आणि शेजाऱ्यांत जास्त असतो.

प्रश्न : आम्हाला शाळेत शिकवलं होतं की सगळ्यात जास्त अर्थ 'सेट'चे. मग रन कुठून आला मध्येच?

उत्तर : तुमच्या सरांचं तेव्हा बरोबरच होतं. १९८९ च्या ऑक्सफर्डच्या वीस खंडांत सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि तोच नंबर एक होता, पुढे रन नव्याने लिहिला गेला तसा तो मागे पडला. त्यात सेटची जरा चीटिंगच आहे, कारण 'ठेवणे, बसवणे' वाला सेट जुन्या इंग्रजीतला आणि 'कपबश्यांचा सेट' वाला फ्रेंचमधून आलेला, मुळात लॅटिन, म्हणजे दोन वेगळे शब्द एकाच आडनावाने राहतायत. बाकी असे शब्द नेहमी छोटे आणि रोजचेच का असतात, तर जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्येच दाखवलं होतं की शब्द जितका जास्त वापरात तितके त्याला अर्थ जास्त. गेट, टेक, गो बघा की.

प्रश्न : निवडणुकीच्या बातम्यांत 'रनिंग फॉर प्रेसिडेंट' असतं पण ब्रिटनच्या बातमीत 'स्टँडिंग' वाचलं. चूक कुणाची?

उत्तर : कुणाचीच नाही. अमेरिकेत उमेदवार पळतो, ब्रिटनमध्ये उभा राहतो. आपल्याकडे तो उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही, पळतो तो बहुतेक निकालानंतर.