वाचकांचे प्रश्न : चेतापेशीचे गणित आणि प्रवेशाच्या वाटा

प्रश्न : बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संगणकीय मेंदूविज्ञानात (मेंदूचे काम गणित आणि कोडने समजून घेण्याचे क्षेत्र) जायचे आहे. जीवशास्त्र बारावीनंतर सुटले, कॉलेजात प्रयोगशाळा नाही. घरी काय करता येईल? (परभणी)

जीवशास्त्राची काळजी सोडा, ते वाचून भरून निघते. मुले अडतात ती विकलक समीकरणे, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता या तिन्हींत. साधा लॅपटॉप पुरतो. तो नसेल तर गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालते, मात्र नेट बराच वेळ गेले की सेशन मरते आणि केलेली आकडेमोड पुसली जाते. म्हणून निकाल ड्राइव्हवर साठवत राहा.

सुरुवात 'लीकी इंटिग्रेट अँड फायर' मॉडेलने करा. हे चेतापेशीचे सर्वांत साधे मॉडेल : व्होल्टेज उंबरठ्याला पोचले की पेशी स्पाइक (विजेचा क्षणिक झटका) देते आणि व्होल्टेज रीसेट होते. विश्रांतीचे आणि रीसेटचे व्होल्टेज −६५ मिलिव्होल्ट, उंबरठा −५०, कालस्थिरांक २० मिलिसेकंद, रोध १०० मेगाओम घ्या; रिफ्रॅक्टरी काळ (स्पाइकनंतरची सक्तीची विश्रांती) शून्य धरा. ०.२ नॅनोअँपिअर प्रवाहाला दर २७.७ मिलिसेकंदांनी एक स्पाइक यायला हवा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३६. ०.१५ किंवा त्याहून कमी प्रवाहाला एकही नको. हे उत्तर कागदावर लॉगरिदमने निघते, त्यामुळे कोड बरोबर की चूक ते कुणाला विचारावे लागत नाही. फरक हजारपट दिसला तर पिको आणि नॅनोची गल्लत झाली आहे.

प्रश्न : हॉजकिन-हक्स्ली मॉडेल (स्पाइक कसा घडतो ते सांगणारी चेतापेशीची समीकरणे) पायथॉनमध्ये लिहिले. कधी आलेखात 'एनएएन' येते, कधी पेशी आपोआप फायर होते, म्हणजे प्रवाह न देताच स्पाइक देते. (नांदेड, बी.टेक.)

'एनएएन' म्हणजे 'नॉट अ नंबर', संख्याच नसलेले उत्तर. त्याची कारणे दोन. एम गेटच्या (सोडियमची वाट उघडणारे दार) आल्फा सूत्रात, म्हणजे दार उघडण्याच्या वेगाच्या सूत्रात, व्होल्टेज नेमके −४० झाले, किंवा एन गेटच्या (पोटॅशियमचे दार) सूत्रात −५५, की शून्य भागिले शून्य होते. पूर्णांक व्होल्टेजवर गेटचे आलेख काढताना हे हमखास घडते. तिथे मर्यादामूल्य हाताने घाला : एमसाठी १, एनसाठी ०.१.

दुसरे कारण पायरीचा आकार. साध्या ऑयलर पद्धतीत (छोट्या-छोट्या कालपायऱ्यांनी समीकरण सोडवण्याची रीत) ०.१ मिलिसेकंदाची पायरी घेतली तर स्पाइकच्या चढणीवर गणित भरकटू शकते, ०.०१ घ्या. सायपाय या पायथॉन लायब्ररीचा सॉल्व्हर वापरत असाल तर कमाल पायरीवर मर्यादा घाला, नाहीतर प्रवाहाचा छोटा पल्स तो न पाहताच ओलांडून जातो आणि पेशी मुकी दिसते.

आपोआप फायर होणे हे बहुधा दोन ठिकाणची समीकरणे मिसळल्याचे लक्षण. १९५२ च्या मूळ लेखात विश्रांतीचे व्होल्टेज शून्य धरले आहे आणि चिन्हेही उलटी आहेत. आजची पुस्तके −६५ धरतात. सगळे एकाच ठिकाणचे घ्या. आजच्या पद्धतीत सोडियम, पोटॅशियम आणि गळती या क्रमाने वाहकता १२०, ३६, ०.३ (मिलिसीमेन्स प्रति चौ. सेंमी), उलट-विभव (ज्या व्होल्टेजला तो प्रवाह थांबतो) +५०, −७७, −५४.४ मिलिव्होल्ट, धारिता १ मायक्रोफॅरड प्रति चौ. सेंमी. १० मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी प्रवाहाला नियमित स्पाइक आले की मॉडेल जागेवर आले. ही समीकरणे स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूची, ६.३ अंश सेल्सिअसची आहेत; थंडीत स्पाइक संथ होतो. स्पाइक रुंद दिसला म्हणून घाबरू नका.

प्रश्न : संगणकीय मेंदूविज्ञानाचे प्रशिक्षण कुठे मिळते? फी परवडणार नाही. (लातूर)

'न्यूरोमॅच अकॅडमी'चा उन्हाळी अभ्यासक्रम २०२० पासून ऑनलाइन चालतो. तीन आठवडे, जवळजवळ दिवसभर. त्या काळात परीक्षा असेल तर जमणार नाही. फी देशानुसार ठरते, सवलत मागता येते. सारे साहित्य मात्र वर्षभर फुकट खुले आहे, तेव्हा निवड झाली नाही तरी अडत नाही.

प्रत्यक्ष कामासाठी देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची संयुक्त उन्हाळी फेलोशिप आणि टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) उन्हाळी कार्यक्रम बघा. लातूरकरांना जवळचे म्हणजे पुण्याचे आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). तिथे सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा) आणि चेताजालांच्या मॉडेलिंगवर काम चालते. बेसल गँग्लिया (हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूचा भाग), पार्किन्सन यांत रस असेल तर आयआयटी मद्रास.

प्राध्यापकांना मेल लिहाल तर सहा-सात ओळींतच. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातली एक आकृती स्वतः काढा, जुळली नाही तर कुठे जुळली नाही ते लिहा, कोडची लिंक द्या. आमच्या मते प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अशा एका आलेखाचे वजन जास्त. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर तो लगेच ओळखू येतो.

शिफारसपत्र लागते तिथे गुरुजनांना आधीच सांगून ठेवा. कॉलेजला सुट्ट्या लागल्या की सही मिळते, शिक्का मिळत नाही.