इंग्लंडमधल्या आर्न हीथवर मे महिन्यात एका दिवसात काय बघता येईल?

मेच्या शेवटी लेकीकडे जाताय, आर्नसाठी एकच दिवस आहे आणि फोटोंत तर नुसतं ओसाड माळरान दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. आपले कोकणातले सडेही लांबून ओसाडच वाटतात. इथलंही बहुतेक सगळं गुडघ्याच्या खाली, हेदरच्या झुडपांत असतं. एक दिवस पुरतो, फक्त त्याचे दोन तुकडे करा: सकाळी आठ ते अकरा, आणि सूर्यास्तानंतरचा तास.

जागा डॉर्सेटमध्ये, पूल हार्बरच्या काठावर. लंडन वॉटर्लूहून वेमथकडे जाणाऱ्या गाडीने वेअरहॅमला उतरा. पुढे सहा-सात किलोमीटर टॅक्सी. रात्रीची परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून टाका, ऐनवेळी मिळत नाही.

ब्रिटनमधले मूळचे सहाही सरपटणारे प्राणी आर्नला आहेत. सकाळी वाळू तापायला लागली की ते अंग शेकायला बाहेर येतात आणि अंग तापलं की झुडपात शिरतात. म्हणून कडक उन्हाच्या दुपारी काहीच दिसत नाही. थोडं ऊन, थोडे ढग आणि वारा पडलेला, अशी सकाळ सगळ्यात चांगली. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, हेदर संपून उघडी वाळू सुरू होते ती कड दुर्बिणीने इंचाइंचाने बघा. आपली सावली पुढे पडू देऊ नका आणि पाय आपटू नका. सँड लिझर्ड या सरड्याच्या नराच्या कुशी या दिवसांत हिरव्यागार असतात, हेदरच्या करड्या काटक्यांत तो रंग लगेच डोळ्यांत भरतो. मादी याच सुमारास उघड्या वाळूत बीळ खणून अंडी घालते आणि ती उन्हाच्या उबेवरच उबतात. वाळूचा मोकळा पट्टा चालायला सोयीचा वाटला तरी त्यावर पाय ठेवू नका. कुठे पत्र्याचा तुकडा दिसला तर तो या प्राण्यांच्या गणनेसाठी मुद्दाम ठेवलेला असतो. उचलू नका, खाली अ‍ॅडर साप असू शकतो. तो विषारी आहे, पाठीवर नागमोडी पट्टा असतो. चावलाच तर हालचाल थांबवा, आवळपट्टी बांधू नका, ९९९ हा तिथला आपत्कालीन नंबर लावा. स्मूथ स्नेक मात्र दिसेल अशी आशा ठेवू नका, तो झुडपाखालून फारसा बाहेर येतच नाही.

डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा, लांब शेपटीचा वटवट्या पाहायचा तर वारा नको. वारा असला की तो गॉर्सच्या काटेरी झुडपात खोल बसून राहतो. युक्ती अशी: झुडपाच्या शेंड्यावर बसलेला गप्पीदास शोधा आणि त्याच्या खालच्या झुडपावर नजर ठेवा. वॉर्बलर बरेचदा त्याच्या मागे मागे फिरतो. हा किडे खाणारा पक्षी हिवाळ्यातही इथेच राहतो, त्यामुळे १९६२-६३ च्या बर्फाने ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. तो दिसला तर खरंच मोठी गोष्ट समजा.

दुपारी शिपस्टल पॉइंटला जा, सिका हरणं हमखास दिसतात.

सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. त्यानंतर वीसेक मिनिटांनी रातवा हा निशाचर पक्षी घुमायला लागतो. आपल्याकडच्या रातव्याची चुकचुक नव्हे, तर लांबवर शिलाई मशीन चालू असावं तशी मिनिटभर न तुटणारी घरघर. मध्येच पंखांची टाळी ऐकू येते. नराच्या पंखाच्या टोकांवरचे पांढरे ठिपके तेवढे चमकतात. रातव्याची मादी जमिनीवरच अंडी घालते. त्यामुळे वाट सोडू नका, टॉर्च मारू नका आणि मोबाइलवर रातव्याचा आवाज तर अजिबात वाजवू नका.

गोचिडी मात्र भरपूर आहेत, हरणांमुळे. फिकट रंगाची पँट घाला आणि ती मोज्यांत खोचा. रात्री गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं, तर भारतात परतल्यावरही डॉक्टरांना इंग्लंडमधल्या गोचिडीबद्दल आवर्जून सांगा. नाहीतर गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाची शंका आपल्याकडे चटकन कुणाच्या मनात येत नाही.